एक मण आठ शेरांची सवारी

रहमानमिस्त्रीच्या तीनचाकी फटफटीत बसायचं तर आधी तांब्याभर पाणी प्यावं लागे. तहान असो वा नसो. मिस्त्री स्वतः समोर उभा राहायचा, तांब्या रिकामा झाल्याची खात्री करायचा आणि मगच किक मारायचा. मुक्कामी पोचल्यावर सवारीच्या पोटाकडे रोखून बघत विचारायचा, "पानी हाललं का?"

"नाही" म्हटलं की स्वारी खूश. "थोडंसं" म्हटलं की उलटतपासणी सुरू. "थोडं म्हंजे किती? डाव्या अंगाला का उजव्या?" मी तेव्हा पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात नुकताच स्टोअरकीपर म्हणून लागलो होतो. पहिल्याच दिवशी मी सहज "उजव्या" म्हणून गेलो. मिस्त्री तिथल्या तिथे गाडीखाली आडवा झाला, माझा डबा त्याच्या उशाला गेला आणि मी शिफ्टला वीस मिनिटं उशिरा पोचलो. त्यानंतर माझ्या पोटातलं पाणी कधी हललं नाही.

गाडी त्याने स्वतः बनवली होती. लष्कराच्या लिलावातली एक फटफटी, तिचं मागचं चाक काढून तिथे आडवा दांडा, दांड्याला दोन चाकं, वर लाकडी बाक आणि दोहोंच्या मध्ये जुन्या टांग्याच्या पोलादी कमानी. सगळा जीव त्या कमानींत. एकावर एक रचलेली पोलादाची पानं. आज एक पान काढ, उद्या तेच पुन्हा घाल, परवा पानांमध्ये चरबी चोळ, तेरवा चाकातली हवा कमी कर. दुसरी माणसं नमाजानंतर किंवा पूजेनंतर चहा घेतात, हा कमान उघडायचा. "माणूस खोटं बोलंल, राव, कमान खोटं बोलत न्हाई," हे त्याचं पालुपद.

मी चिंचवडात त्याच्या शेडला लागूनच खोली घेतली होती. सोलापूर सोडून आलेला एकटा माणूस, आणि त्यातून दुसऱ्याच्या घरात डोकावायची मला जन्मजात खोड. त्यामुळे एक गोष्ट मला चैन पडू देईना. बाकावर तिघं मावत असताना मिस्त्री एकच सवारी घ्यायचा, आणि तीही किडकिडीत. मी त्याला चालायचो. एकदा पिंपळे गुरवचे एक पाटील हट्टाने बसले. कमान दांड्याला टेकली, मिस्त्री कळवळला आणि हात जोडून म्हणाला, "पाटील, तुमी पायी चला. तब्येतीला बरं आसतं." पाटील महिनाभर त्याचं नाव घेत नव्हते.

आणि दर शुक्रवारी दुपारी तो बाकावर वाळूचं एक पोतं बसवायचा. बसवायचा म्हणजे अक्षरशः. पाठीला उशी, खाली दोन गोधड्या, वरून चादर. मग बैल चालेल त्या चालीने पुनावळ्याच्या रस्त्याला चक्कर मारून यायचा. परत आल्यावर, भाराने कमान कुठवर दबायला हवी ते दाखवणारी खडूची रेघ तपासायचा आणि पोत्यावरची चादर नीट घडी करून ठेवायचा.

एका शुक्रवारी माझ्याने राहवलं नाही. "मिस्त्री, पोत्याला पाणी पाजलंत का?"

तो हसला नाही. "एक मण आठ शेर हाय ते," एवढंच म्हणाला.

"पण एवढंच का? दोन मण का नाही?"

"तेवढाच गूळ वाटला हुता मी दर्ग्यात."

मग हळूहळू उलगडा झाला. त्याची बायको, जैनबभाभी, आतल्या खोलीत खाटेवर असायच्या. आजारी असतात, एवढंच मला ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी बैलगाडी उलटून त्यांची कंबर मोडली होती. जगतात की नाही अशी अवस्था होती, तेव्हा मिस्त्रीने नवस केला आणि त्या वाचल्यावर त्यांना तराजूत बसवून त्यांच्या भाराइतका गूळ वाटला. पुढे एकदा टांग्याने माहेरी, चाकणला न्यायला निघाला, तर भोसरीच्या अलीकडेच धक्क्यांनी त्या बेशुद्ध पडल्या. तिथून परत आणल्या त्या आणल्याच. घरात भिंतीला धरून चार पावलं टाकत, पण उंबऱ्याबाहेर नाही.

"म्हातारी आई हाय तिची चाकणला," मिस्त्री म्हणाला. "आता तिचं काय खरं न्हाई. सारखा निरोप येतो, लेकीला एकदा दावा म्हनून."

मी पोत्याकडे बघत राहिलो. इतके दिवस त्याची टिंगल केल्याची मला मनापासून लाज वाटली.

पुढच्याच आठवड्यात चाकणहून निरोप आला की म्हातारीने अन्न सोडलंय. मिस्त्रीने सकाळीच गाडी काढली. भाभींना उचलून गोधड्यांवर बसवलं. मी रजा टाकून सायकल घेतली. पुढे राहून खड्डा दिसला की हात वर करायचा, हे माझं काम. गाडी शंभर पावलंही गेली नसेल, तर मागची चाकं टणाटण उडायला लागली. भाभींनी ओठ दाबून धरले.

मिस्त्री उतरला, कमानीशी वाकला आणि तसाच बसून राहिला. कमान खडूच्या रेघेपर्यंत आलीच नव्हती. आठ वर्षं खाटेवर पडून माणूस किती झिजतं, याचा हिशेब त्या पोत्यात नव्हता.

मग तो उठला. शेडमधून वाळू आणली, एका पिशवीत ओंजळीओंजळीने भरत भाभींच्या पायाशी ठेवली. रेघेला कमान लागेपर्यंत पिशवी चांगली दहा शेर झाली.  

भोसरी मागे पडली. मिस्त्री जीव मुठीत धरून गाडी हाकत होता. माझा हात वर झाला की थांबायचा, उतरायचा आणि रस्त्यातले दगड स्वतः वेचून कडेला टाकायचा. ऊन डोक्यावर आलं तरी आम्ही जेमतेम मोशीच्या पुलापलीकडे. तिथे तो सातव्यांदा की आठव्यांदा दगड वेचायला उतरला, तेव्हा मागून आवाज आला.

"अवो, किती येळ थांबताय?"

"खडी हाय म्होरं. धक्का बसंल तुला."

"बसू द्या की!" भाभी म्हणाल्या. "आठ वर्सं खाट हालली न्हाई माझी. जरा हालू द्या. रस्त्यावर आल्यासारखं तरी वाटंल."

"दुखंल, जैनब."

"दुखलं तर सांगंन. मला त्वांड हाय. तिकडं आई वाट बघती, आन तुमी दगडं येचा!"

मिस्त्री हातात दगड घेऊन उभाच राहिला. मग तो दगड त्याने खाली टाकला, कडेला नव्हे, तिथेच, आणि किक मारली. गाडी खडीवरून उड्या मारत माझ्या अंगावर धूळ उडवत पुढे गेली, आणि त्या खडखडाटातून मला भाभींचं हसणं ऐकू आलं. मोठ्याने, पोरीबाळी झोपाळ्यावर हसतात तसं. मी सायकल मारत राहिलो, पण त्यांना गाठणं काही जमलं नाही.

चाकणला पोचलो तेव्हा आत मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. म्हातारीला कुणीतरी दूध पाजलं होतं. मिस्त्री बाहेर ओट्यावर एकटाच बसला होता. कमान दांड्यावर आपटून एक पान तडकलं होतं, पण त्याने तिकडे पाहिलंही नसावं. मी शेजारी टेकलो.

"भाभी काय हसत होत्या, मिस्त्री!" मी म्हणालो. "तुम्ही वळून बघायला हवं होतं."

त्याने टोपी काढून मान पुसली.

"लई वाटलं, राव, बघावं," तो म्हणाला. "पर मी बघितलं आसतं, तर हसायची थांबली आसती."