गेनूचे भूत कोणाच्या ताब्यात?

प्रश्न विचारून शिरस्तेदार आनंदराव थांबले होते. कौलातून झिरपलेला एक थेंब वाशाच्या टोकाशी लोंबत होता, पडण्याची परवानगी न मिळाल्यासारखा. समोर पालीच्या सखूबाई उभ्या होत्या. त्यांचा नवरा गेनू जाऊन एकवीस दिवस झाले होते.

"पुन्हा विचारतो," आनंदराव म्हणाले. "गेनूने सोडून दिलेले भूत सध्या कोणाच्या ताब्यात आहे?"

प्रश्न वाटतो तितका अवाजवी नव्हता. त्या वर्षी, म्हणजे १९३६ साली, भोरच्या या कचेरीत नवी शिस्त लागू झाली होती. प्रत्येक कागदात रोजच्या संभाषणातला एक तरी इंग्रजी वाक्प्रचार असावा आणि त्याखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ असावी. बढत्या रेघांवर ठरणार होत्या. कारकून सावळाराम आजवर दोनशे अकरा रेघांवर पोहोचले होते. गेनूच्या मृत्यूची वर्दी आली, तेव्हा 'मेला' हा शब्द त्यांना फार उघडा वाटला. त्यांनी लिहिले, 'ही गेव्ह अप द घोस्ट.' साहेबांच्या भाषेत माणूस असाच मरतो.

मात्र दप्तराची भाषा मराठी. प्रत्येक इंग्रजी वाक्याला भाषांतर जोडावे, ते शब्दशः असावे, भावार्थ लावण्याचा अधिकार कारकुनास नाही, असा दुसरा नियम होता. भाषांतरकारही सावळारामच. सकाळी जे त्यांनी समजून लिहिले, ते दुपारी न समजता मराठीत आणले: 'त्याने भूत सोडून दिले.'

सखूबाईंना हवे होते ते एवढेच, की जमिनीला आपले नाव लागावे. भाताच्या रोपांचा तरवा लावणीला आला होता. आठ दिवसांत तो खाचरांत गेला नाही, तर जून होऊन वाया जाणार होता. आणि दीर मानसिंग रोज बांधावर उभा राहून बजावत होता, नाव लागल्याबिगर खाचरात पाय ठेवायचा न्हाई.

"भूत कसलं वो, रावसायेब," सखूबाई म्हणाल्या. "माझा धनी चांगला गेला. धाव्याला पिंड ठेवला न् ठेवला, तवर कावळा शिवला. समदा गाव बघत हुता. त्येचं मागं काय बी ऱ्हायलं न्हाई."

"म्हणजे भूत झाले नाही?"

"न्हाई."

"खात्रीने?"

"आता काय कावळ्याला साक्षीला आनू?"

कागदांच्या नकलांसाठी बाकावर बसलेले सात जण हसले. सगळे शिकलेले होते. तांबड्या रेघेवरच्या वाक्याचा खरा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता, आणि गंमत त्यातच होती.

आनंदराव हसले नाहीत. "लिहा, सावळाराम. अर्जदार बाई स्वतः सांगतात की भूत अस्तित्वात नाही. जे नाही, ते सोडता येत नाही. सबब गेनूने भूत सोडलेले नाही. सबब गेनू हयात आहे. हयात इसमाच्या जागी वारसाचे नाव लागत नसते. काही तक्रार असल्यास गेनूने समक्ष हजर राहावे."

"आन् माझा तरवा?"

"बेटर लेट दॅन नेव्हर, बाई."

सावळारामांनी तेही लिहिले आणि सवयीने खाली रेघ ओढली. दोनशे बारा.

सखूबाई त्यांच्या मेजाशी गेल्या. "दादा, म्या वर्दी द्याया आले तवा तुमी मला पानी दिलं हुतं. तुमाला ठावं हाय. मेला म्हना. येकच शबुद हाय."

सावळारामांना तो शब्द येत होता. पण त्याखाली रेघ ओढता येत नव्हती. त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतले. ते बराच वेळ निघत राहिले. वाशाचा थेंब एकदाचा कागदावर पडला, आणि ओल्या शाईत गेनूचे नाव तळ्यासारखे पसरले.

सखूबाई बाकाकडे वळल्या.

"मग तुमी तरी सांगा. आत्ता हसला न्हवं? म्हंजी तुमाला कळलं आसंल."

सहा जण आपापल्या हातातले कागद वाचू लागले. सातव्याकडे वाचायला काही नव्हते. तो उठला, पायात वहाणा सरकवल्या, आणि कचेरीच्या पायऱ्या उतरून निघून गेला.