पिवळा रुमाल आणि शतांश सेकंद

खेळ खेळाडूंमुळे चालतो, असा एक समज आहे. तो खेळाडूंमध्ये विशेष आढळतो. प्रत्यक्षात खेळाडू येतात, पळतात, घाम पुसतात आणि दहा-बारा वर्षांत गुडघे धरून घरी बसतात. टिकून राहतो तो चाहता. त्याच्या गुडघ्यांना काही होत नाही, कारण ते त्याने कधी कामालाच लावलेले नसतात.

याच तत्त्वावर ‘मैदानी क्रीडा अनुयायी मंडळ’ फोनवर स्थापन झालं आणि फोनवरच भरभराटीला आलं. संस्थापक-अध्यक्ष होते काका. काका वजनमापे कार्यालयात निरीक्षक. दुकानदारांचे तराजू तपासायचे आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. एकोणतीस वर्षांत त्यांनी एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. ते बाजारात दिसले की काटे आपण होऊन शून्यावर येत, असं दुकानदार म्हणत. (दुकानदारही आपण होऊन मागच्या दाराने जात.) लग्नाचं तेवढं माप जुळलं नव्हतं, म्हणून थोरल्या भावाच्या घरी वरच्या खोलीत त्यांचा मुक्काम होता. भावाची मुलगी म्हणजे त्यांची पुतणी दहा हजार मीटर धावायची. घरात तिला कोणी फारसं अडवत नसे, कारण ती सापडतच नसे.

मंडळाचे सभासद दोनशे बारा. पैकी मैदान प्रत्यक्ष पाहिलेले चार, त्यातले एक लसीकरणासाठी गेले होते. उरलेले दोनशे आठ मात्र कुठल्याही उडीतली चूक फोनवर बघून सांगू शकत. मंडळाला घटना होती आणि तिच्यात नियम होते. निकाल आधी मंडळात, मग जगात, हा पहिला. सकाळच्या शुभेच्छांना बंदी, मात्र फुलाऐवजी धावपटूचं चित्र असल्यास त्या तांत्रिक माहिती समजल्या जातील, हा दुसरा. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: सभासदांत मतभेद झाल्यास अध्यक्षांनी हातातलं काम बाजूला ठेवून तत्काळ निर्णय द्यावा. (निर्णयाला उशीर झाल्यास सभासद रागावून गट सोडतात आणि रात्री परत येतात, असा तीन वर्षांचा अनुभव होता.)

त्या वर्षी राष्ट्रीय मैदानी स्पर्धा काकांच्याच शहरात आल्या. मंडळाच्या इतिहासातला हा सुवर्णक्षण होता, कारण आता खुद्द अध्यक्ष मैदानावरून बातम्या देणार होते. काकांनी नवी टोपी घेतली, फोनची जादा बॅटरी घेतली आणि अंगठ्याला चार दिवस विश्रांती दिली.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी पुतणी जिन्याच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या ओवत होती. एक नाडी तुटल्याने तिने दुसऱ्या जोडातली घातली होती. त्यामुळे एका बुटाला हिरवी नाडी, एकाला पांढरी.

“काका, शनिवारी तुम्ही कठड्यापाशी उभे राहाल?”

“अगं, मी अध्यक्ष आहे. उभाच राहणार.”

“तसं नाही हो. कामासाठी.”

काम सोपं होतं. पंचवीस फेऱ्या. प्रत्येक फेरी चौऱ्याऐंशी सेकंदांत झाली की पस्तीस मिनिटं होतात. पस्तीसच्या आत धावणाऱ्यांना राष्ट्रीय शिबिरात घेणार होते, मग त्यांचा नंबर कितवाही येवो. पस्तीसच्या बाहेर गेलेल्यांना प्रमाणपत्र आणि केळं. पुढच्या वर्षी पुतणी शिबिराच्या वयोमर्यादेत बसणार नव्हती. म्हणजे होती ती हीच शर्यत. तिचे प्रशिक्षक त्याच वेळी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला भालाफेकीच्या मुलीपाशी असणार होते, कारण पाच खेळांना मिळून प्रशिक्षक एकच मंजूर होता.

“तिथं गोंगाटात ओरडलेलं ऐकू येत नाही,” पुतणी म्हणाली. “म्हणून हा पिवळा रुमाल घ्या. मी मागे पडले की रुमाल वर धरा. वेळेत असले की खाली. बास, एवढंच. मी दर फेरीला तुमच्याकडे बघेन.”

काकांनी रुमाल घडी घालून खिशात ठेवला आणि हात पुढे केला. “तुझं घड्याळ दे. माझ्यात सेकंद दिसत नाहीत. आणि बिनखात्रीच्या साधनावर मी मोजमाप करत नसतो.”

पुतणीने क्षणभर मनगटाकडे पाहिलं आणि घड्याळ काढून दिलं. “न्या. तुम्ही असताना मला कशाला हवंय?”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. “भाऊजी, त्या दिवशी फोन घरीच ठेवून गेलात तर?”

“वहिनी,” काका समजुतीच्या सुरात म्हणाले, “फोनशिवाय मैदानावर जाऊन करायचं काय?”

 याचं उत्तर, भाऊजींना उलट बोलायचं नाही म्हणून, वहिनींनी पोळीबरोबर लाटून टाकलं.

शनिवार उजाडला. स्टेडियम चाहत्यांनी बऱ्यापैकी भरलं होतं. आयोजकांच्या पत्रकाप्रमाणे उपस्थिती अकरा हजार, पाहणाऱ्यांची संख्या पत्रकात दिली नव्हती. अंतिम रेषेजवळ माणसाच्या उंचीचं मोठं घड्याळ ठेवलेलं होतं. धावपटूंना किती वेळ झाला हे दिसावं म्हणून असं घड्याळ ठेवतात. यंदा प्रमुख पाहुण्यांना चहाची वेळ कळावी म्हणून त्याचं तोंड मंडपाकडे वळवलं होतं. धावपटूंना घड्याळाची पाठ दिसत होती आणि तिच्यावर आयोजकांचे फोटो चिकटवलेले असल्याने तीही अगदीच वाया गेली नव्हती.

काका रेषेच्या थोडं पुढे कठड्याला पोट लावून उभे राहिले. मनगटावर पुतणीचं घड्याळ, उजव्या हातात रुमाल, डाव्या हातात फोन. पिस्तूल वाजलं.

पहिल्या पंधरा फेऱ्यांत काकांनी जे काम केलं त्याला तोड नाही. पुतणी समोरून गेली की घड्याळाची कळ दाबायची, आकडा बघायचा, रुमालाचा निर्णय घ्यायचा आणि मग डाव्या अंगठ्याने मंडळाला कळवायचं. चौथ्या फेरीला ती जराशी रेंगाळली. रुमाल वर गेला. तिने मान किंचित हलवली आणि पाचव्या फेरीत ते भरून काढलं. नवव्याला पुन्हा तसंच. पंधरावी फेरी संपली तेव्हा घड्याळात बरोबर एकवीस मिनिटं झाली होती, एक टिचकीही कमी-जास्त नाही. काकांचा ऊर भरून आला. आपल्या हातातल्या चिंधीवर एक मुलगी पळते आहे आणि तीही मापात, हे सुख त्यांना आजवर कुठल्या तराजूने दिलं नव्हतं. डोळे पुसायला त्यांनी रुमाल वर नेला आणि पुतणीचा गैरसमज होईल म्हणून वाटेतूनच परत आणला. इतके ते कामात होते.

सोळाव्या फेरीला मंडळात मतभेद झाला.

काकांनी कळवलं होतं: “फेरी १५. वेळ ८३.९.” यावर मंडळाचे सभासद असलेल्या एका दंतवैद्यांनी विचारलं की हे दशांशापर्यंतच का दिलं, शतांशापर्यंत का नाही. निवृत्त भूमापकांनी उत्तर दिलं की हाताने मोजलेल्या वेळेला शतांश लावणं म्हणजे पावलांनी शेत मोजून इंचात लिहिणं. दंतवैद्य म्हणाले, दाढेत दशांशाने काम केलं तर रुग्ण ओरडतो. भूमापक म्हणाले, रुग्ण तसाही ओरडतो, त्यांचा स्वतःचा अनुभव आहे. दंतवैद्यांनी विचारलं, हा रोख कोणाकडे. एका मुख्याध्यापिकाबाईंनी, वातावरण असंच राहणार असेल तर आपण गट सोडत असल्याचं जाहीर केलं आणि थांबवण्यासाठी थोडा वेळ दिला.

नियम तिसरा लागू झाला. अध्यक्षांनी हातातलं काम बाजूला ठेवणं आवश्यक होतं आणि काका नियमांचे पक्के. शिवाय प्रश्न मोजमापाचा होता. एकोणतीस वर्षं ज्यासाठी जगले तो प्रश्न मंडळाने त्यांच्यापुढे ठेवला होता. असा सविस्तर निर्णय एका अंगठ्याने लिहिता येत नाही. काकांनी रुमाल काखेत धरला आणि दोन्ही अंगठे मोकळे केले.

काखेतला रुमाल हा, कसाही पाहिला तरी, खाली असलेला रुमाल असतो.

निर्णयाला सहा फेऱ्या लागल्या. दरम्यान एकेचाळीस मेसेज आले. काकांनी दोन्ही पक्षांचं म्हणणं ऐकून घेतलं, भूमापकांच्या सेवेचा आदरपूर्वक उल्लेख केला, दंतवैद्यांच्या हातातल्या सफाईची दखल घेतली आणि मुख्याध्यापिकाबाईंना परत आणलं. कर्तव्याचा त्यांना विसर पडला होता असं कोणी म्हणू नये. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दर दीड मिनिटाने एक हिरवी आणि एक पांढरी नाडी जाताना त्यांना दिसत होती, त्यावरून पुतणी शर्यतीत असल्याची खात्री पटत होती. पुतणीही दर फेरीला मान वळवून कठड्याकडे बघत होती. रुमाल खाली होता. म्हणजे सगळं ठीक होतं. ती त्याच वेगाने पुढे जात होती.

निर्णय असा झाला: यापुढे सर्व वेळा शतांशापर्यंत नोंदवाव्यात. अडतीस अंगठे वर आले, एक हात जोडलेला आला आणि भूमापकांनी मोठ्या मनाने मौन पाळलं. काकांनी समाधानाने घाम पुसायला रुमाल काढला आणि सहज घड्याळ पाहिलं. एकवीस फेऱ्या झाल्या होत्या. पुतणी आठ सेकंद मागे होती.

काकांनी फोन खिशात कोंबला.  पुढच्या फेरीला त्यांनी दोन्ही हातांनी रुमाल असा हलवला की प्रमुख पाहुण्यांच्या अंगरक्षकाने त्यांच्याकडे दोनदा पाहिलं. पुतणीने तो पाहिला. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते काकांना दिसलं, आणि ते दिसायला नको होतं असं त्यांना वाटलं.

शेवटच्या फेऱ्या ती जीव खाऊन धावली. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा आठातले चार सेकंद तिने परत मिळवले होते. त्या वेळी पाहुणे चहाला उठले होते आणि कठड्यालगतचे चाहते फोनवर, मैदानात काय चाललंय ते बघत होते. भालाफेकीच्या टोकाला एकटे प्रशिक्षक दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे होते. पुतणीने रेषा ओलांडली आणि गवतावर आडवी झाली.

पस्तीस मिनिटं, एक पूर्णांक चाळीस शतांश सेकंद. (शतांशापर्यंत, नुकत्याच झालेल्या निर्णयानुसार.)

बऱ्याच वेळाने ती कठड्यापाशी आली. हातात केळं होतं, ते सोललेलं नव्हतं.

“काका, घड्याळ.”

काकांनी घड्याळ काढून दिलं. पट्ट्याचं बक्कल पटकन निघेना.

“मी दर फेरीला बघत होते तुमच्याकडे,” ती म्हणाली. “सहा फेऱ्या रुमाल खाली होता. मला वाटलं, आज किती सोपं जातंय.”

“अगं, मंडळात जरा…”

“हं.”

“निर्णय द्यावा लागला. एकमताने मान्य झाला.”

“चांगलं झालं,” पुतणी म्हणाली. ती रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तेवढ्यात तिचं नाव माइकवर पुकारलं गेलं आणि लंगडत ती मैदानाच्या मध्यभागाकडे गेली.

काकांना लाज वाटली. खरोखर वाटली, अगदी आतून, आणि ती अकरा सेकंद टिकली. बाराव्या सेकंदाला फोन थरथरला. मंडळाने अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला होता: मैदानावरून इतकं सविस्तर आणि शतांशापर्यंत अचूक वार्तांकन आजवर झालं नव्हतं. एक नवा सभासदही दाखल झाला होता, दोनशे तेरावा. सगळ्यांनी अध्यक्षांचा मैदानावरचा फोटो मागितला. काकांनी टोपी सारखी केली, मैदानाकडे पाठ केली आणि काढला.

फोटो चांगला आला. काकांच्या डाव्या कानामागे एक तीन पायऱ्यांचा लाकडी मंच दिसत होता आणि त्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर कोणाचे तरी पाय दिसत होते. एका बुटाला हिरवी नाडी होती, एकाला पांढरी. दंतवैद्यांनी सुचवलं की मागचे पाय काढून टाकले तर अध्यक्षांचा चेहरा अधिक उठून दिसेल. भूमापकांचं यावर एकमत झालं, हे दोघांचं पहिलंच. काकांनी पाय काढून टाकले.

 घरी वहिनींनी पिवळा रुमाल धुऊन वाळत घातला. तिसऱ्या दिवशी त्याने काका फोनची काच पुसताना दिसले.

नोंदीसाठी एवढंच, की पुतणीचा नंबर कितवा आला हे मंडळाच्या दोनशे तेरा सभासदांपैकी एकानेही विचारलं नाही. वाचकहो, आपणही पंचवीस फेऱ्या इथेच होतात. दाढेचा आणि शेताचा वाद आपण मन लावून ऐकलात, थोडे हसलातही. पण तिच्या पुढे कोण होतं, मागे कोण होतं, मुळात ती कुठे होती, हे नाड्या दिसेपर्यंत आपल्याही मनात आलं नाही. तेव्हा संकोच नसावा. आपला अर्ज मंजूर झाला आहे. सभासद क्रमांक दोनशे चौदा.