देवाची कढई, क्षारता एकतीस

"जगात काहीबी लपवता येतं मामा, पण माझ्यापासून मीठ लपवता येत न्हाई!"

धर्मराजने छाती पुढे काढून हे वाक्य फेकलं आणि चहाचा कप खाली ठेवला. समोर अंबडचे रखमाजी बसले होते, काळा कोट, पांढरंशुभ्र धोतर, भरघोस मिशा. हे काही साधे पाहुणे नव्हते. त्यांची मुलगी बेबीनंदा धर्मराजने महिन्यापूर्वी पाहिली होती, पाहताक्षणी पसंत केली होती आणि तेव्हापासून त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. आता मुलाचं घर पाहायला मुलीचे वडील केदारखेड्याला आले होते, तेही नेमके मारुतीच्या भंडाऱ्याच्या दिवशी. त्यांच्या एका होकारावर सगळं अडलं होतं.

आणि रखमाजी काही 'हो' म्हणत नव्हते. त्यांना मुलाची नोकरीच समजत नव्हती!

"जहाजावर असता म्हंता. मंग मासे धरता का?"

"न्हाई."

"माल नेता?"

"न्हाई हो मामा! संशोधनाचं जहाज हाये. गोव्याहून निघतं. समुद्राच्या मधोमध थांबायचं, बाटल्या खोल सोडायच्या, पाणी वर काढायचं अन् मोजायचं. किती गरम, किती खारट."

रखमाजींनी मिशीवरून हात फिरवला. "समुद्र खारट हाये, हे सरकारला ठाऊक न्हाई?"

"ठाऊक हाये. पण किती खारट, ते जागोजागी बदलतं!"

"मंग जीभ लावून पाहायची. त्याला जहाज कशाला? अन् या कामाचा पगार भेटतो?"

"दर महिन्याला!"

"सरकारची कमाल हाये," रखमाजी म्हणाले आणि उठले. "बरं, मी जरा मारुतीचं दर्शन घेऊन येतो."

ते गेले आणि धर्मराजने कपाळावर हात मारून घेतला. वास्तविक पुरावा घरातच होता. आतल्या खोलीत एक लाकडी पेटी होती. तिच्यात पाण्याचा खारटपणा सांगणारं यंत्र होतं. वर काट्याची तबकडी, खाली लांब वायर आणि वायरच्या टोकाला बोटाएवढी कांडी. ती पाण्यात बुडवली की काटा हलायचा. यंत्र हैदराबादला दुरुस्त करून गोव्याला परत न्यायचं होतं. वाट थोडी वाकडी केली की जालना लागतं, म्हणून दोन दिवस घरी जायची परवानगी साहेबांनी दिली होती, पण बजावून! "पेटी उघडलीस तर वहीत नोंद झाली पाहिजे. कुठे उघडली, किती खोलीवर, किती तापमान, किती क्षारता, आणि शेवटी शेरा. वहीची पानं मोजलेली आहेत!"

धर्मराज बराच वेळ पेटीकडे बघत उसासे टाकत बसला होता, तेवढ्यात शेजारचा वसंता धापा टाकत आला. "धर्मराज, जल्दी चल! तुझे दादा अन् बद्रीनाथ झाऱ्यानं मारामारी करून राह्यलेत!"

यंदा भंडाऱ्याचा मान धर्मराजच्या घराकडे होता. त्याचे वडील पुंजाराम, म्हणजेच दादा, चार दिवस जमिनीला पाय न लावता फिरत होते. देवळामागे तीन चुलाणांवर वरणाच्या तीन प्रचंड कढया चढल्या होत्या. सातशे पानं बसायची होती. बारा वाजता नैवेद्य, लगेच पंगत. आणि साडेअकराला पुंजाराम आणि आचारी बद्रीनाथ एकमेकांसमोर उभे होते.

"अरे, मी मीठ टाकलं देवाच्या कढईत!" पुंजाराम ओरडले.

"अन् म्या कशात टाकलं? म्याबी देवाच्याच कढईत टाकलं!"

गावाची रीत अशी की देवळाच्या दाराजवळची कढई देवाची. नैवेद्य तिच्यातून निघतो, म्हणून मीठसुद्धा पहिल्यांदा तिच्यातच पडतं, मग बाकीच्या दोघींत. एका कढईला एक पितळी माप मीठ. बद्रीनाथने पहिलं माप टाकलं आणि तेवढ्यात लाकडांची गाडी आली. पुंजारामांनी एक माप टाकलं आणि तेवढ्यात पाहुणे आल्याचा निरोप आला. पुढच्या दोन कढयांत कुणी टाकलं, टाकलं की नाही, हे आता दोघांनाही शपथेवर सांगता येत नव्हतं.

"त्यात काय, चाखून पाहा ना!" वसंता म्हणाला.

सगळे त्याच्याकडे असे वळले की त्याने देवळाचा कळस चोरायची गोष्ट काढली होती! नैवेद्याआधी भंडाऱ्याचं अन्न कुणी चाखत नाही. जिभेला लागलं की उष्टं झालं.

"मंग आधी नैवेद्य दाखवू अन् नंतर चाखू," दुसऱ्या कुणी सुचवलं.

"म्हंजे खारट असलं तर पहिल्यांदा मारुतीनं खायचं?" मालनआत्या कडाडल्या. मालनआत्या म्हणजे सोवळं, सुतक, नैवेद्य या सगळ्याचं गावातलं हायकोर्ट. त्यांचा निकाल फिरवायला वर कुणी नव्हतं.

मग गावच सल्ला द्यायला लागलं. एकजण म्हणाला पाणी ओता, दुसरा म्हणाला मीठ ओता, तिसरा म्हणाला कणकेचे गोळे सोडा. एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात मीठ घेऊन माणसं कढयांकडे धावली. पुंजारामांचा चेहरा पाहवत नव्हता. सातशे माणसांसमोर, होणाऱ्या व्याह्यासमोर अब्रू जायची वेळ आली होती.

"थांबा!" धर्मराज ओट्यावर चढून ओरडला. "कुणीच हात लावू नका! न चाखता मीठ सांगणारा माणूस इथं उभा हाये!"

आणि तो पेटी आणायला पळाला.

यंत्र आलं तशी दोनशे माणसं गोल करून उभी राहिली. मालनआत्यांनी कांडीकडे बोट दाखवलं. "ही त्या यंत्राची जीभच झाली की! उष्टं न्हाई का होणार?"

धर्मराजने कांडी घाईने छातीशी धरली. "आत्या, यंत्राला जीभ कुठली? त्याला चव कळत न्हाई. फक्त आकडा कळतो."

"याआधी कशात घातलीती?"

"समुद्रात. दुसरं कशातच न्हाई, बिलकुल!"

मालनआत्यांनी डोळे मिटले. "समुद्रात गंगा येती, गोदावरी येती, सगळ्या नद्या येतात," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हंजे रोज तीर्थात न्हाणारी कांडी हाये ही. चालतंय. घाल!"

धर्मराजने वही उघडली, बाह्या सारल्या आणि एका क्षणात तो केदारखेड्याचा राहिला नाही. थेट जहाजावर गेला! आधी प्रमाण हवं. त्याने माय केशरबाईकडून सकाळचं घरचं वरण मागवलं. ते सगळ्यांनी खाल्लं होतं आणि पुंजारामांनीसुद्धा नाव ठेवलं नव्हतं, म्हणजे ते निर्दोष. काटा अकरावर थांबला. मग कांडी धुऊन विहिरीचं पाणी. काटा एकवर. मग देवाच्या कढईतून तांब्याभर वरण काढलं आणि त्याच वरणाने दुसरा तांब्या विसळून फेकून दिलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"अरे, वरण काहून सांडून राह्यला?" बद्रीनाथ किंचाळला.

"नियम हाये! ज्याचा नमुना, त्यानंच भांडं तीनदा विसळायचं!"

फेकलेलं वरण गावच्या कुत्र्याने चाटून साफ केलं. खारट आहे का, हे त्याच्या तोंडावरून ओळखायला दहा माणसं वाकली, पण त्याने शेपूट हलवून आणखी मागितलं. शास्त्राला त्याची काही मदत झाली नाही.

नमुना गार पाण्यात ठेवून कोमट केला. धर्मराजने कांडी बुडवली. काटा सरकला, सरकत राहिला, आणि धर्मराजचे डोळे विस्फारले.

"एकतीस! अरे बापा, हा तर बंगालचा उपसागर हाये!"

दुसरी कढई, एक. तिसरी कढई, एक. त्या दोघींत मिठाचा खडासुद्धा पडला नव्हता!

"अन् आता हिशोब ऐका," धर्मराज अंगात आल्यासारखा बोलू लागला. "पाण्याचं एक. बेताच्या वरणाचं अकरा, म्हंजे एका मापानं दहा वाढतात. एकतीस म्हंजे देवाच्या कढईत तीन मापं! टाकणारे दोन अन् मापं तीन!"

"मला वाटलंच व्हतं!" बद्रीनाथ पुंजारामांवर धावला. "तुम्ही दोनदा टाकलं!"

"मी? तूच विसराळू! मागच्या साली शिऱ्यात हळद तूच टाकलीती!"

"शिऱ्याचं नाव काढू नका! हा घ्या झारा! मी चाललो!"

बद्रीनाथने झारा खरोखर आपटला. आचारी निघाला, बारा वाजायला दहा मिनिटं, आणि वडील थरथरत उभे! धर्मराज ओट्यावरून गरजला, "दोघंबी थांबा! यंत्र खोटं बोलत न्हाई. तिसरा माणूस इथंच हाये, आत्ता हुडकून काढतो!"

आणि तो हुडकायला लागला. गर्दीवरून त्याची नजर ऐटीत फिरली आणि देवळाच्या दारात अडकली. तिथे रखमाजी उभे होते. ते मारुतीच्या शेपटीकडे अशा एकाग्रतेने पाहत होते जणू ती आजच उगवली आहे. त्यांच्या काळ्या कोटाच्या उजव्या बाहीवर कोपरापर्यंत पांढरे कण चमकत होते. दर्शन घेऊन येतो म्हणालेले मामा! कढईजवळ कुणी नाही, माप शेजारी पडलेलं, होणाऱ्या व्याह्याचं काम, तेवढाच आपला हात लागू द्या!

रखमाजींनी एकदाच त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत मिशा नव्हत्या, कोट नव्हता. नुसता घाबरलेला माणूस होता.

धर्मराजने नजर काढून घेतली. सबंध आयुष्यात त्याच्या यंत्राला एवढा मोठा दिवस आला नव्हता.

"सापडला," तो म्हणाला. "मीच तो. सकाळी जाता जाता एक माप मीच टाकलं अन् विसरून गेलो."

सातशे माणसांच्या भंडाऱ्यात असं हसू फुटलं की देवळावरची कबुतरं उडाली. "मीठ मोजणाराच मीठ विसरला!" वसंता तर जमिनीवर लोळला. पुंजारामांनी मुलाकडे असं पाहिलं की वरण पुन्हा उकळलं असतं. पण बद्रीनाथने झारा उचलला होता!

"हसा मागून!" धर्मराज कान लाल करून म्हणाला. "एकतीस, एक अन् एक, झाले तेहतीस. त्याचे तीन भाग, अकरा. घरच्या वरणाएवढे बराबर! पाणी नको, मीठ नको. टिपाडं आणा!"

धुतलेली मोठमोठी पत्र्याची टिपाडं आली. प्रत्येक टिपाडात तिन्ही कढयांतली एकेक बादली, पुन्हा एकेक बादली. गाव रांगेला लागलं. दोनशे हातांनी पाच मिनिटांत तिन्ही कढया एकमेकींत मिसळून टाकल्या. धर्मराजने कांडी बुडवली. अकरा! दुसऱ्या टिपाडात अकरा! तिसऱ्यातही अकरा!

शंख वाजला. नैवेद्य झाला. पंगत बसली आणि पहिल्या घासाला सगळं गाव थांबलं. मग कोपऱ्यातून मालनआत्यांचा आवाज आला, "वाढ रे, अजून वरण वाढ!" आणि असा जल्लोष उठला की विचारू नका! माणसं वरण पीत होती. बद्रीनाथने पुंजारामांना मिठी मारली. धर्मराजला दोघांनी खांद्यावर घेतलं. रखमाजींनी चार वेळा वरण घेतलं, हात धुतला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पुंजारामजी, पोरगी दिली! जावईबापू, या आता खाली."

त्या संध्याकाळी धर्मराजने आनंदाच्या भरात वही भरली, सवयीप्रमाणे अगदी खरी.

आठ दिवसांनी गोव्यात साहेबांनी ती उघडली. "धर्मराज, खोली दीड हात, तापमान चौतीस, क्षारता एकतीस. हे स्टेशन कोणत्या समुद्रात येतं?"

"साहेब, आमच्या भोकरदन तालुक्यात."

सगळी हकीकत ऐकून साहेब पोट धरून हसले. धर्मराजने हळूच विचारलं, "ते पान फाडता येईल का?" कारण शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'तिसरे माप होणाऱ्या सासऱ्यांचे. गुप्त.'

"मोजलेली पानं आहेत!" साहेब म्हणाले. "हे आता कायमचं सरकारदप्तरी राहणार."

लग्न थाटात झालं. पुढे जो भेटेल त्याला धर्मराज सांगायचा, "माझं लग्न यंत्रानं जमवलं. मामा एकदम थक्क झाल्ते!" आणि मग एक दिवस बेबीनंदा पहिल्यांदा जहाज पाहायला आली, तेव्हा साहेबांनी तिला मोठ्या कौतुकाने काय दाखवावं? तेच पान!

तिने शेरा वाचला. धर्मराजने वही ओढायला हात पुढे केला. बेबीनंदाने शांतपणे वही मिटली.

"हे मला ठाऊक हाये. बाबांनी त्या दिवशी घरी येताच सांगितलं व्हतं."

"काय सांगितलं? यंत्र कसं काय वाटलं त्यांना?"

"यंत्राचं काई म्हणले न्हाईत," बेबीनंदा म्हणाली. "म्हणले, नोकरी काई समजली न्हाई, पण पोरगं खोटं फार बराबर बोलतं. देऊन टाकू."