महाराजांच्या जरीच्या वेटसुटाची हकीकत

श्रीसमुद्रनारायणास मस्तक लववून, ऐकणारांनी चित्त सावध करावे ऐसी विनंती करोन, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत् नाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी जे वर्तले ते लिहितो, ते ऐसे. समुद्रापासोन दूर एक राज्य होते आणि तेथे राजश्री हैबतराव महाराज गादीवर होते. त्यांचा प्रताप इतका थोर की आरशापुढे उभे राहिले असता आरसा आधी थकावा. त्यांच्या राणी गोजराबाईसाहेब. बाईसाहेबांचे माहेर किनाऱ्याचे, पोहणे लहानपणीचे, आणि लग्न जाहल्यापासोन पाणी पाहिले ते हौदाचे. ऐसे असता खबर आली की, शेजारील राजा थंड मुलखीच्या समुद्रावर जाऊन फळीवर उभा राहिला आणि लाटेवर स्वार जाहला. तेव्हा महाराजांस अन्न गोड लागेना आणि हुकूम जाहला की, आम्हीही सुट्टीस तेथेच जाणार आणि लाट सर करणार.

मग वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात अंगाची ऊब राखणारे रबरी वस्त्र, कैसा घ्यावा याचा दरबार भरला. दिवाण त्र्यंबकपंत, ज्यांनी समुद्र चित्रात पाहिला होता, ते बोलिले, "महाराज, जाड वस्त्र भित्र्याचे. वीरास पातळच शोभते." बाईसाहेब शेजारी होत्या, त्या बोलिल्या, "पंत, त्या पाण्यात बोटे वाकत नाहीत. जाडच घ्यावा. कातड्यासारखा अंगास बसावा, सैल असला की आत गार पाणी खेळते. आणि घालून, हात वर करून पाहिल्याशिवाय घेऊच नये." यावर महाराज हसले आणि म्हणोन दरबारही हसला. "अंगास बसावा हे खरे," महाराज बोलिले, "तर लग्नातील मापाचाच आणवा. आमची कंबर तीच आहे." त्या कंबरेकडे पाहण्याची कोणाची छाती जाहली नाही. हात वर करून पाहणे तर महाराजांनी साफ नाकारिले की, ती शरण जाण्याची खूण. मग पंतांनी आणखी अक्कल चालविली की, काळा रंग अशुभ, यास्तव छातीवर जरीचा सूर्य काढवावा. आणि कारागिरांनी सुईने त्या पातळ रबराची चाळण करोन सूर्य काढिला आणि सर्वांनी वाहवा केली. बाईसाहेबांनी टाक्यांवरोन बोट फिरविले. "अहो, यातून पाणी शिरेल."

"सूर्य आहे तो," महाराज बोलिले, "पाणी आटवील."

बाईसाहेबांस रागही आला आणि भयही वाटले. मग त्यांनी आपणांसाठी साधा, काळा, जाड वेटसूट मागविला आणि तो घालून, वाकून, हात फिरवून पाहिला, आणि त्यासही दरबार हसला.

मग स्वारी समुद्री पोहोचली. वारा बोचत होता. महाराजांस सुटात घालणे किल्ला घेण्याहून कठीण जाहले. कोणी ओढीत, कोणी कोंबीत, पंत पावडर उधळीत. आणि चेन चढली तेव्हा महाराजांस श्वास अर्धाच घेता येई. "कैसे वाटते?" बाईसाहेबांनी पुसले. "उत्तम," महाराज कोंडल्या गळ्याने बोलिले आणि फळी घेऊन पाण्यात शिरले, आणि त्या सूर्यातून अवघा समुद्र आत शिरला. महाराज हाताने पाणी मारू गेले तो हात खांद्यापाशीच अडकला, मग पाठीची शिवण उसवली आणि पाण्याच्या ओढीने फळी महाराजांसकट दूर नेली. महाराज ओरडू लागले ती पंतांस रणगर्जना वाटली आणि काठावर जयजयकार जाहला. बाईसाहेबांस मात्र तो आवाज ठाऊक होता. ज्वरात महाराज ऐसेच कण्हत. त्या आपली फळी घेऊन धावल्या आणि लाटा चुकवीत जवळ गेल्या. महाराजांचे ओठ निळे पडले होते.

"गोजरा, बोटे हालत नाहीत."

"बोलू नका. फळीवर पालथे पडून रहा."

मग बाईसाहेबांनी महाराजांच्या फळीची दोरी धरिली आणि ओढीतून आडव्या कडेस निघोन, दमत, पाणी गिळत महाराजांस किनाऱ्यास आणिले. शेकोटी केली, घोंगड्या पांघरविल्या, आणि महाराजांचे अंग कोमट लागू लागले तेव्हा बाईसाहेब तोंड फिरवून रडल्या. तितक्यात पंत बोलिले, "धन्य महाराज! राणीसाहेबांस समुद्रातून सुखरूप घेऊन आले!" महाराजांचे दात वाजत होते, तरी मान डोलली आणि पंतांस तेथेच शाल मिळाली. बाईसाहेबांनी हे पाहिले, डोळे पुसले आणि फळी काखेत मारिली.

"राणीसाहेब, आता कोठे?" पंत बोलिले.

"सुट्टीस," बाईसाहेब बोलिल्या आणि पाण्यात गेल्या. पडल्या, पुन्हा पडल्या, आणि मग एका लाटेवर उभ्या राहिल्या. काठावर कोणी पाहत नव्हते, कारण सर्व दरबार शालीभोवती जमला होता.

तात्पर्य इतकेच की, महाराज वाचले, पंत मिरवले, आणि उरली सुट्टी बाईसाहेबांचा वेटसूट एकदाही वाळला नाही. घडले तैसे लिहिले. दरबारी लेखणीने दुसरे लिहिले आहे. ज्यास ते रुचेल त्याने सुखे तेच वाचावे.