राखणदाराची आंबट बाटली

दर्शनाच्या जुळ्यांचं बारसं झालं, त्या वर्षीची गोष्ट. बारशासाठी तिचा भाऊ विपुल मुंबईहून पोलादपूरच्या वरच्या वाडीत आला. पाचाडची दिशा नावाची मुलगी त्याच्या मनात भरली होती आणि तिच्या बापाला रविवारच्या आत निरोप हवा होता. पण त्याच्या आजोबांच्या, चांगूच्या घरात वाडीच्या राखणदार देवाच्या कौलाशिवाय सोयरीक होत नसे. कौलाआधी देवाला दारूची बाटली दाखवायची आणि वाटा द्यायचा, ही रीत.

विपुल मुंबईत मोठ्या हॉटेलात कामाला होता. देव खूश व्हावा म्हणून त्याने बेल्जियमच्या पद्धतीची महागडी बीअर आणली होती. देवळापुढे बूच उडालं. चांगूने रीतीप्रमाणे आधी घोटभर चाखली आणि तोंड वाकडं केलं.

"नासलीय रे!"

"आजोबा, ती आंबटच असते. लाकडाच्या पिंपात दोन-तीन वर्षं मुरवतात."

"तीन वर्षं? मग नासंल नायतर काय!"

"मग त्यात साखर घालतात."

"ऐकलंस गो? तू शिळ्या ताकात गूळ घालतेस, तशातली गत हाय ही," चांगू बायकोला म्हणाला.

"आनि तुमी तीन वाट्या पिता," चंद्राबाई म्हणाली.

नासलेली देवाला दिली तर कौल उलटा पडणार. विपुलच्या तोंडचं पाणी पळालं. मग नासली की नाही हे ठरवायला सगळ्यांनी चाखायचं ठरलं.

राजेंद्र गुरवाने पेल्याला नाक लावलं. "वास गोठ्याचा हाय. पन जिभंवर करवंद येतंय."

"कोकमात सोडा घातल्यावानी लागतं," शेजारची येसूबाई म्हणाली. "मागनं फणसाच्या साटांची चव येती. थांबा, नीट कळली नाय." तिने पेला पुन्हा पुढे केला.

चांगू म्हणाला, "पयला घोट चिंचेचा, दुसरा गुळाचा. तिसऱ्याचं अजून नक्की सांगता येत नाय."

"आजोबा, देवाचा वाटा ठेवा!"

"गप रे. देवाच्याच काळजीनं पितोय."

चर्चा रंगली. गुरवाने बाटली देवापुढे उपडी केली, तर नुसता फेस आला.

विपुल पायरीवर बसला. "झालं. आता दिशा गेली हातची."

"वाटा नाय, तर कौल कसला?" गुरव पुटपुटला.

"लाव की रे," चंद्राबाई कडाडली. "पिताना इचारलं व्हतंस का देवाला?"

गुरवाने ओल्या बोटांनी दगडावर पाकळ्या चिकटवल्या. हात त्याचे थरथरत होते, पण ते भीतीने असं कुणाला वाटलं नाही. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी, म्हणजे देवाचा होकार, टपकन खाली पडली.

"बगितलंस?" चांगू छाती काढून उभा राहिला. "म्हनलं नव्हतं, नासलीय? आमी सगळी पिऊन टाकली म्हनून देव वाचला. त्यावर खूश हाय तो!"

वैशाखात लग्न झालं. दिशा घरात आली. चांगू त्याच साली भाद्रपदात, गणपती विसर्जनानंतर वारला; तिसऱ्या घोटाचं त्याने शेवटपर्यंत नक्की सांगितलं नाही.