डेलरावांना दहापैकी तीन

जपानात, निशी-कसाई भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली कचरा कसा वेगळा करायचा, याचा एक भलामोठा फलक आहे. तगारे सरांनी तो लेकीकडून वाचून घेतला आणि त्याला दहापैकी सात मार्क दिले. "नियम दिलेत, कारणं दिलेली नाहीत," म्हणाले. "तीन कापले."

सर आमच्याच मजल्यावर लेक-जावयाकडे राहतात. मिरजेकडच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला, बोर्डाचे पेपर तपासले. जगात कुठलीही गोष्ट घडायला राजकीय, आर्थिक, सामाजिक आणि तात्कालिक अशी चार कारणं लागतात, यावर त्यांची श्रद्धा आहे. एकदा आमच्याकडे दूध उतू गेलं. सर सोफ्यावरूनच म्हणाले, "तात्कालिक कारण शेगडी. मूळ कारण मोबाइल." माझ्या बायकोने पुढे आठवडाभर त्यांना चहा विचारला नाही.

इथे ट्रेनला उशीर झाला की स्टेशनवर तशी चिठ्ठी देतात, ऑफिसात दाखवायला. हे कळल्यावर सरांना आनंदाचं भरतं आलं. रेल्वे लेखी जबाब देते म्हणजे काय! मी मुद्दाम एक चिठ्ठी आणून दिली. सरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "किती मिनिटं ते लिहिलंय. का, ते कुठाय?" चिठ्ठी नापास झाली.

अशा माणसाला पार्कातल्या सकाळच्या कवायतीत डेलराव भेटले. मूळ नाव डेल. साठी उलटलेले, अमेरिकेच्या दक्षिणेकडचे, तीस वर्षं जपानात इंग्रजी शिकवणारे. सरांनी त्यांचे डेलराव केले आणि त्यांनी सरांचे, आपल्या 'राव'सारखं जपानी 'सान' जोडून, 'सर-सान'. शनिवारी कवायत संपली की दोघं बाकावर बसत आणि मधे मी. दोघंही इंग्रजीच बोलत, पण सरांचं इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातलं आणि डेलरावांचं तोंडात गुळाचा खडा धरल्यासारखं. मी इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर करायचो.

गेल्या हिवाळ्यात डेलराव एक पत्र घेऊन आले. त्यांच्या गावात कोर्टासमोर एक दगडी शिपाई उभा आहे, तिकडच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्यांच्या स्मरणार्थ. चौथऱ्यावर डेलरावांच्या खापरपणजोबांचं नाव कोरलेलं. आता गावाने तो पुतळा हलवायचं ठरवलं होतं आणि डेलरावांची थोरली बहीण वंशजांच्या सह्या गोळा करत होती. आई गेल्यावर डेलरावांना वाढवलं ते या बहिणीने. पत्रात लिहिलं होतं, की युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतंच, राज्यांच्या हक्कांसाठी होतं. पुतळा हलवू नये.

"सही करण्याआधी पेपर सोडवा," सर म्हणाले. "अमेरिकेतील यादवी युद्धाची कारणे लिहा. गुण दहा."

डेलरावही हाडाचे मास्तर. पुढच्या शनिवारी पानभर उत्तर घेऊन हजर! राज्यांचे हक्क, जकात, उत्तरेकडच्यांचा शिष्टपणा. सरांनी खिशातून लाल पेन काढलं आणि तीन मार्क दिले.

"तीन?" डेलराव उसळले.

"राज्यांचा हक्क. बरं. पण कशाचा हक्क? वाक्य अर्धवट आहे, डेलराव. अर्धवट वाक्याला मी मार्क देत नाही."

"सर-सान, माझ्या खापरपणजोबांकडे एकही गुलाम नव्हता. फाटक्या बुटांनी लढले ते!"

"ते का लढले हे मी विचारलंच नाही. युद्ध का झालं हे विचारलं. दोन प्रश्नांची उत्तरं एकात कालवू नका. तुमच्या राज्याने देशातून फुटून निघताना काही लिहून ठेवलं असेल ना? मूळ कागद वाचा."

त्याच्या पुढच्या शनिवारी डेलराव आले ते मान खाली घालून. "सुरुवातीलाच आहे," म्हणाले. "गुलामगिरी. आमच्याच लोकांनी लिहिलंय. लपवलेलंसुद्धा नाही."

सरांनी त्याच पानावर तीनचे दहा केले. पैकीच्या पैकी! कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, तिघांना कॉफी आणली ती सरांनीच, आणि मला तिथलं कॉफीचं मशीन चालवायला शिकवण्याइतके ते त्या दिवशी खुशीत होते. मशीन मला दहा वर्षं येतं, पण मी गप्प शिकून घेतलं.

डेलरावांनी सही केली नाही. पुतळा स्मशानभूमीत हलवा, तिथे मी फुलं घेऊन येईन, पण न्याय मागायला येणाऱ्यांच्या वाटेवर तो नको, असं बहिणीला कळवलं. नंतर दोन शनिवार ते कवायतीला आलेच नाहीत. तिसऱ्या शनिवारी आले आणि बाकावर बसून म्हणाले, "मला पुन्हा फोन करू नकोस, असं लिहिलंय तिने."

आता सर मुद्दे काढणार म्हणून मी भाषांतराच्या तयारीत बसलो. पण सरांनी हातमोजे काढले, परत घातले. मग मराठीतच सुरू झाले आणि मला म्हणाले, "सांग यांना."

सरांच्या गावी त्यांच्या पणजोबांनी बांधलेली विहीर आहे. 'सर्व ग्रामस्थांसाठी' असा दगड लावलेला. विहिरीच्या शताब्दीला गावाने पुस्तिका काढली आणि ती लिहायला सांगितली सरांना. सरांनी लिहिलं, की गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायका विहिरीपासून लांब, ओंजळ धरून उभ्या राहायच्या. वरून कुणी पाणी घातलं तर घातलं. थोरल्या भावाने ती पुस्तिका सरांसमोर फाडली. त्याला अकरा वर्षं झाली.

"मी बरोबर होतो," सर म्हणाले. "आजही तेच लिहीन. पण दादाला एक फोन करायला काय झालं होतं मला? तो चुकलाय, तर त्यानेच करावा, म्हणून बसलो. डेलराव, तुम्ही बसू नका. दर रविवारी लावा फोन. तिने नाही उचलला तरी लावा."

मी सगळं सांगितलं. डेलराव सरांकडे वळले. मग त्यांनी स्वच्छ शब्दांत, एकही अक्षर न गिळता विचारलं, "आणि तुम्ही, सर-सान?"

मला भाषांतर करावं लागलं नाही. सरांनी फोन काढला. भारतात तेव्हा अजून पहाटच होती. नंबर पाठ होता. पलीकडून खोकला ऐकू आला आणि मग "कोण?"

"दादा, मी अनंता."

एवढं बोलून सर थांबले. छत्तीस जणांच्या वर्गाला तासभर खिळवून ठेवणारा माणूस, त्याला पुढचा शब्द सुचेना. मी आणि डेलराव उगीच समोरच्या झाडाकडे बघत बसलो. 

"बाहेर आहेस का रे?" शेवटी दादांचा आवाज आला. "वाऱ्याचा आवाज येतोय. तुझी पोरगी सांगत होती, फार गारठा आहे म्हणे तिकडे. कान झाक आधी. लहानपणापासून तुझे कान दुखतात."

"हो दादा," सर म्हणाले, आणि बाहत्तर वर्षांच्या तगारे सरांनी मुकाट्याने मफलर सोडून कानांवरून गुंडाळून घेतला.