एस्तेरमावशींचं खरंखुरं पुस्तक

एस्तेरमावशी भाजीवाल्याला आधी एक पान वाचून दाखवतात, मग मेथीची जुडी मागतात. वय एकोणऐंशी. नर्सची नोकरी कधीच संपली. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या आणि तेव्हापासून आमच्या शिरूरच्या गल्लीत कुणाला उसंत नाही. मी तर शेजारीण, त्यातून मराठीची शिक्षिका. म्हणजे पुरतीच सापडले.

प्रत्येक वाक्य खरं हवं, हा त्यांचा ध्यास. "वर प्रूफं तपासणारा बसलाय," असं बजावतात. त्यांचं बालपण दौंडच्या रेल्वे क्वार्टरात गेलं. दारात चिंच होती की कडुनिंब, एवढ्यासाठी त्यांनी मला एसटीनं दौंडला नेलं. झाड केव्हाच गेलेलं. मग तिथल्या तीन म्हाताऱ्यांना गाठून साक्षी काढल्या. दोन मतं चिंचेला, एक कडुनिंबाला. मावशींनी लिहिलं, 'दारात झाड होतं.'

एकच प्रकरण अडलं होतं. शिरूरला बोर्डिंगात असताना नाताळच्या करंज्या मावशींनी चोरून खाल्ल्या आणि आळ आला त्यांच्या मैत्रिणीवर, सखूवर. शिक्षा म्हणून सखूला नाताळची गाणी म्हणत घरोघर जाणाऱ्या फेरीला नेलं नाही. तिला विचारल्याशिवाय हे छापायचं नाही, असा मावशींचा हट्ट. गेल्या महिन्यात चर्चमध्ये कळलं की सखूबाई वडगाव रासाईला लेकीकडे असतात. मी चपला घालेपर्यंत मावशी वही घेऊन माझ्या स्कूटरपाशी उभ्या. वाटेत उसाच्या प्रत्येक ट्रॉलीला हात करत होत्या.

सखूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मावशींनी धड ओळखही न देता वही उघडली आणि वाचायला लागल्या. सखूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"समदं खरं हाय," त्या म्हणाल्या. "पर एस्तू, तू बी फेरीला गेली न्हाईस. पोट दुखतंय म्हणून माझ्यापाशी थांबलीस. दोघी खिडकीतनं गाणी ऐकत बसलो. ते का न्हाई लिहिलंस?"

मावशींना ते आठवतच नव्हतं. इतकी वर्षं त्यांना फक्त करंज्या आठवत होत्या.

परतताना अर्ध्या वाटेत माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "मला एस्तू म्हणणारं माणूस अजून आहे गं. रविवारी चर्च सुटल्यावर परत नेशील?"